भाची बारावीला आहे आणि तिला सरकारी नर्सिंग कॉलेजच हवंय: मामांच्या प्रश्नाला उत्तर

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. भाची जालना जिल्ह्यात बारावी सायन्सला आहे, सराव परीक्षेत साठ टक्क्यांच्या आसपास असते, ओबीसी आहे, वडील कोरडवाहू शेतकरी. तिला बी.एस्सी. नर्सिंग करायचंय, तेही सरकारी कॉलेजात. घरातले काही म्हणतात डॉक्टरकीच्या नीट परीक्षेसाठी एक वर्ष ड्रॉप घे. आणि बेंगळुरूच्या कॉलेजचा एक एजंट दोनदा घरी येऊन गेलाय. आधी मी वॉर्डात होते, मग शिकवायला आले आणि पुढे प्रवेशाच्या दिवसांत कागदपत्रं तपासण्याच्या टेबलावरही बसत आले. त्या टेबलावरून जे दिसतं ते इथे लिहितेय, कारण क्लासवाले तेवढं सोडून बाकी सगळं सांगतात.

सरकारी जागा मिळण्याइतके मार्क पडूनही ती न मिळालेल्या मुली मी दरवर्षी पाहिल्या. एखादीची व्हॅलिडिटी, म्हणजे जात पडताळणीचं प्रमाणपत्र, आलेली नसते, एखादीचं नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे घरचं उत्पन्न मर्यादेत असल्याचं प्रमाणपत्र, 31 मार्चला संपलेलं असतं, एखादीने कॉलेजांचा पसंतीक्रम सायबर कॅफेवाल्याला भरायला सांगितलेला असतो. म्हणून मी परीक्षेआधी कागदांबद्दल बोलते.

तुमची भाची ओबीसी आहे म्हणता. जातीचा दाखला असेलच. पण व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेसाठी त्यावर जिल्हा जात पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र लागतं. व्हॅलिडिटी, व्हॅलिडिटी म्हणतात ती हीच. हा अर्ज अकरावीतच करायचा असतो, कॉलेजच्या सही-शिक्क्यासह. तुमच्याकडे अजून झाला नसेल तर हे वाचून झाल्यावर पहिलं काम ते. ओबीसींसाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा जातीचा आणि वास्तव्याचा पुरावा मागतात. (अनुसूचित जातींसाठी ही तारीख 10 ऑगस्ट 1950 आहे, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961.) म्हणजे आजोबा-पणजोबांचा शाळेच्या रजिस्टरातला उतारा, कोतवाल बुकातली नोंद, जुनं खासरा-पाहणीपत्रक असं काहीतरी शोधावं लागतं. मुलीच्या बाबतीत पुरावा वडिलांच्या घराण्याचा लागतो. तेव्हा मामा, धावपळ तुम्ही करा, पण कागद भावजींच्या गावातून निघतील. भावजींच्या एखाद्या भावाला किंवा पुतण्याला आधीच व्हॅलिडिटी मिळालेली असेल तर त्याची प्रत आणि वंशावळीचं शपथपत्र जोडा, निम्मं ओझं उतरतं. आडनावाच्या स्पेलिंगमध्ये फरक असेल, आजोबांचं नाव एका कागदावर ‘विठोबा’ आणि दुसऱ्यावर ‘विठ्ठल’ असेल, तर ते शपथपत्र आताच करून ठेवा. समितीसमोर सुनावणीला गेल्यावर ही धावाधाव करायला वेळ मिळत नाही.

नॉन-क्रिमीलेअर वेगळं. ते घरच्या उत्पन्नाच्या हिशेबाचं असतं, त्यावर मुदत लिहिलेली असते आणि प्रवेशाच्या वेळी ती चालू असावी लागते. मागे स्कॉलरशिपसाठी काढलेल्याची मुदत संपली असेल तर ते दाखवून भागत नाही. अधिवास, म्हणजे वय-राष्ट्रीयत्व-डोमिसाईलचा दाखला, तोही काढून ठेवा. निकालानंतर सेतू केंद्रासमोर अख्खा तालुका उभा असतो. दहावीची मार्कशीट, बारावीचा निकाल, टी.सी., आधार हे नेहमीचं. सगळ्यांवर नाव एकसारखं आहे ना, एवढं मात्र एकदा तिच्या आईबरोबर बसून अक्षर न् अक्षर तपासा. आणि वैद्यकीय तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र ज्या नमुन्यात मागितलंय त्याच नमुन्यात आणा. डॉक्टरांच्या लेटरहेडवर ‘फिट आहे’ एवढंच लिहिलेला कागद परत जातो.

आता परीक्षा. काही वर्षे आपल्याकडे बी.एस्सी. नर्सिंगचे प्रवेश नीटवरून होत होते. आता राज्याच्या सीईटी कक्षाची वेगळी नर्सिंग सीईटी, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षा, आहे. अर्ज बारावीच्या परीक्षेच्या सुमारास किंवा त्याआधीच सुटतात, आणि ‘बोर्डाचा निकाल लागू दे, मग बघू’ म्हणणारे इथेच बाद होतात. ज्याने सीईटी दिली नाही त्याला कॅपमध्ये, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत, जागा नाही. पेपर संगणकावर, 100 प्रश्न, 100 गुण, 90 मिनिटं. फिजिक्स 20, केमिस्ट्री 20, बायोलॉजी 20, इंग्रजी 20 आणि नर्सिंग ॲप्टिट्यूड 20. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत.

ही विभागणी नीट बघा. इंग्रजी आणि ॲप्टिट्यूड मिळून 40 गुण. नीटचा अभ्यास केलेली मुलं या 40 गुणांकडे बघतही नाहीत, कारण नीटमध्ये ते विषयच नसतात. साठ टक्क्यांच्या मुलीला नव्वदवालीच्या पुढे जाण्याची संधी कुठे असेल तर ती इथे. इंग्रजीत व्याकरण, शब्दार्थ, उताऱ्यावरचे प्रश्न असतात. रोज अर्धा तास देऊन दोन-तीन महिन्यांत फरक पडतो. ॲप्टिट्यूडला पाठ्यपुस्तक नाही, म्हणून मुली घाबरतात. तिथे सामान्य समज पाहतात: रुग्ण चिडलाय तर आधी काय कराल, दोन कामं एकदम आली तर कोणतं पुढे घ्याल, काय गुप्त ठेवायचं, स्वच्छता, प्रथमोपचार. अशा प्रश्नात चार पर्यायांपैकी एक ‘शूर’ असतो आणि एक साधा, सुरक्षित असतो. नर्सिंगचं उत्तर बहुतेक वेळा सुरक्षित असतं. रुग्णाला धोका होणार नाही याची आधी खात्री, मग वरिष्ठांना कळवणं, मग बाकीचं. आजच्या कामातही मी विद्यार्थिनींना हेच सांगते.

बायोलॉजीत वनस्पतींची प्रकरणं सोडा असं मी म्हणणार नाही, पण वेळ कमी असेल तर माणसाच्या शरीराची प्रकरणं आधी पक्की करा. अकरावीतलं पोषण, उत्सर्जन, कंकाल आणि हालचाल. बारावीतलं श्वसन आणि रक्ताभिसरण, नियंत्रण आणि समन्वय, मानवी आरोग्य आणि रोग, प्रजनन. हा अभ्यास वाया जात नाही, पहिल्या सेमिस्टरला ॲनाटॉमी-फिजिओलॉजी पुन्हा समोर येतंच. फिजिक्स नावडतं असेल तर सूत्रांची एक वही करा, सोपे आठ-दहा प्रश्न मिळवा आणि पुढे चला. त्यात रुतून बसू नका. गुण कापत नाहीत म्हटल्यावर एकही प्रश्न रिकामा राहता कामा नये. शेवटची पाच मिनिटं उरलेल्या प्रश्नांवर अंदाजाने खुणा करण्यासाठी राखून ठेवायची.

पात्रता म्हणाल तर बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हवं, खुल्या गटाला एकत्रित किमान 45 टक्के, अनुसूचित जाती-जमातींना 40. वय प्रवेशाच्या वर्षी 31 डिसेंबरला 17 पूर्ण. भाची यात बसते, पण बोर्डाकडे दुर्लक्ष करू नका. दिल्लीच्या एम्सची बी.एस्सी. ऑनर्स नर्सिंग खुल्या आणि ओबीसी मुलींकडून 55 टक्के मागते. तिथली परीक्षा वेगळी, चुकीला एक तृतीयांश गुण कापतात आणि ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो, राज्याचा चालत नाही. जात केंद्राच्या यादीत आहे का ते आधी बघा.

नीटचा मुद्दा आता घेते. नीट द्यायलाच हवी, पण डॉक्टर होण्यासाठी ड्रॉप घ्यायला नव्हे. सैन्याच्या मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसची निवड नीटच्या गुणांपासून सुरू होते. त्यांची सहा कॉलेजं आहेत आणि त्यातली दोन आपल्या दारात: पुण्याचं एएफएमसी (सैन्यदलांचं वैद्यकीय महाविद्यालय) आणि मुंबईचं नौदलाचं रुग्णालय आयएनएचएस अश्विनी. दोन्हीकडे चाळीस-चाळीस जागा, सगळी मिळून 220. फक्त मुलींसाठी, अविवाहित असण्याची अट, बारावी पहिल्याच प्रयत्नात आणि फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी-इंग्रजीत 50 टक्के. नीटनंतर सामान्य बुद्धिमत्ता आणि इंग्रजीची संगणकीय चाचणी, मानसशास्त्रीय चाचणी, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी. उंचीची अट 152 सेंटिमीटर. शिक्षण सरकारी खर्चाने होतं आणि पूर्ण झालं की लेफ्टनंट म्हणून कमिशन मिळतं, त्याबदल्यात सेवेचा करार लिहून द्यावा लागतो. जालन्याच्या खेड्यातल्या मुलीला हे कोणी सांगतच नाही. नीट झाल्यावर सैन्याच्या भरती संकेतस्थळावर वेगळा अर्ज करायचा असतो आणि तो न भरल्यामुळे चांगल्या मुली राहून जातात. आत्ताच उंची मोजून बघा म्हणजे आशा किती ठेवायची ते कळेल.

डॉक्टर होण्यासाठी ड्रॉप, यावर माझं मत विचारताय म्हणून स्पष्ट सांगते: तिची स्वतःची इच्छा नर्सिंगची आहे, असं तुम्हीच लिहिलंय. मग हे वर्ष कोणासाठी घालवायचं? घरात ‘डॉक्टर नाही तर निदान नर्स’ असं बोललं जातं ना, ते मुलीच्या कानावर पडू देऊ नका. असल्या बोलण्याने ती पहिल्याच वर्षी मन लावून वॉर्डात उभी राहत नाही. नर्सिंगसाठीच पुन्हा सीईटी द्यायची म्हणून एक वर्ष थांबणं, हा मात्र वेगळा विषय आहे. सरकारी जागा थोडक्यात हुकली असेल आणि घरची खरोखर खासगी फी भरायची ऐपत नसेल, तरच त्याचा विचार करा.

पसंतीक्रम भरण्याआधी महाराष्ट्रातल्या जागा समजून घ्या. शासकीय परिचर्या महाविद्यालयं थोडीच: मुंबईत जेजे समूह रुग्णालयाची परिचर्या शिक्षण संस्था, नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर वगैरे. मुंबईत एसएनडीटी महिला विद्यापीठाचं लीलाबाई ठाकरसी कॉलेज आहे, 1964 पासूनचं, फक्त मुलींचं. बाकी बहुसंख्य जागा खासगी कॉलेजांत आहेत, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न. अभिमत विद्यापीठांचे प्रवेश मात्र वेगळे चालतात. तुमच्यासाठी घाटी, म्हणजे छत्रपती संभाजीनगरचं सरकारी रुग्णालय, जवळचं, म्हणून ते पहिलं लिहावं असं वाटेल. मी म्हणेन जेजे, नागपूर आणि पुणे आधी लिहा, घाटी त्यांच्या रांगेतच. मुलगी घरापासून लांब राहू शकते. आणि चार वर्षांत तिने किती तऱ्हेचे रुग्ण पाहिले, यावर पुढे तिचा हात किती तयार होतो ते ठरतं. मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात प्रसूती, भाजलेले, अपघात, नवजात बालकं, टीबी, सगळं एका आवारात असतं.

खासगी कॉलेज लिहिताना इमारत बघू नका, रुग्णालय बघा. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमाप्रमाणे कॉलेजचं स्वतःचं 100 खाटांचं रुग्णालय लागतं. कागदावर ते सगळ्यांकडे असतं. तुम्ही सकाळी साडेआठला जा आणि बघा, वॉर्डात रुग्ण आहेत का, गणवेशातल्या मुली काम करताहेत का. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलींना बाहेर चहाच्या टपरीवर गाठा. पोस्टिंग कुठे लागतात, कॉलेजच्या बसने की स्वतःच्या खर्चाने, रात्रपाळीत ट्यूटर सोबत असते का, असं विचारा. ज्या कॉलेजच्या मुली हे पटापट सांगतात ते कॉलेज वर लिहा. ऑफिसात बसलेले सर जे सांगतात त्याला मी फार किंमत देत नाही. वसतिगृहही स्वतः बघा, आणि तिच्या आईला सोबत न्या. तुमच्या नजरेतून सुटेल ते तिला दिसेल.

पसंतीक्रमाचा एकच नियम: जे कॉलेज मिळालं तर जायचंच नाही ते लिहू नका, आणि ज्याच्यासाठी मन तयार आहे ते ‘मिळणार नाही’ म्हणून गाळू नका. वरची पसंती लिहिल्याने खालची संधी कमी होत नाही. मुली घाबरून आधी ‘मिळणारं’ कॉलेज लिहितात, तेच मिळतं, आणि मग त्याच रँकवर मैत्रीण जेजेला गेल्याचं कळतं. फॉर्म घरी, स्वतःच्या लॉगिनने भरा. ओटीपी आणि पासवर्ड कॅफेवाल्याकडे ठेवू नका. पहिल्या फेरीत जागा मिळाल्यावर घाईने सगळ्या कागदांवर सह्या करू नका. ‘स्टेटस रिटेन्शन’ नावाचा फॉर्म समोर येईल. तो भरला म्हणजे ‘हीच जागा मला कायम हवी’ असं लिहून दिलं, पुढच्या फेरीत वरचं कॉलेज मिळण्याची वाट बंद. खासगी कॉलेजचे क्लार्क तो फॉर्म इतर कागदांत मिसळून पुढे करतात. फेऱ्यांचे नियम दरवर्षी थोडे हलतात, म्हणून त्या वर्षीची माहिती पुस्तिका उतरवून घ्या आणि मामा म्हणून तुम्ही ती शेवटपर्यंत वाचा. भाचीला अभ्यास करू द्या.

फीचं म्हणाल तर एक मोठा बदल झालाय. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग) आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. पण प्रवेश कॅपमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात तर ही सवलत नाही. एजंट ‘सीईटीची गरज नाही, थेट प्रवेश’ म्हणतो तेव्हा तो तुमची फीमाफीच काढून घेत असतो, हे लक्षात घ्या. वसतिगृह, मेस, गणवेश यांचा खर्च उरतोच. त्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना बघा. अल्पभूधारक शेतकऱ्याच्या मुलांसाठी ती आहे, ओबीसी मुलीला लागू होते का ते मात्र आधी विचारून घ्या. अर्ज महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर. फीमाफीचा अर्ज वेळेत केला नाही तर कॉलेज फीसाठी मागे लागतं आणि मुलगी वर्गात मान खाली घालून बसते. म्हणून प्रवेश झाला त्याच आठवड्यात अर्ज भरा.

बी.एस्सी. नाहीच मिळालं तर? जीएनएम. तीन वर्षांचा डिप्लोमा. मुंबईतल्या केईएम, नायर, सायन यांसारख्या पालिका रुग्णालयांच्या नर्सिंग शाळा जुन्या आणि नावाजलेल्या आहेत. अनोळखी खासगी कॉलेजातल्या बी.एस्सी.पेक्षा मी अशा शाळेतल्या जीएनएमला वर ठेवेन, माझ्या काही सहकारी यावर माझ्याशी भांडतात. जीएनएमनंतर दोन वर्षांची पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येते. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीला, नॉरसेट म्हणतात ती, जीएनएमवालीला 50 खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो, बी.एस्सी.वालीला लागत नाही. फरक आहे, पण वाट बंद नाही. एएनएम, म्हणजे साहाय्यक परिचारिकेचा अभ्यासक्रम, मात्र सायन्सच्या मुलीने घाईत निवडू नये. ते दोन वर्षांचं आहे आणि वर चढायला वेळ लागतो.

जाता जाता, तुम्ही धाकट्या भाच्याचंही विचारलंय. मुलगे नर्सिंगला येतात, चांगलं काम करतात. पण काही कॉलेजं फक्त मुलींची आहेत आणि नॉरसेटमध्ये 80 टक्के जागा महिलांसाठी असतात, हे धरून त्याने ठरवावं. त्याच्यावर सविस्तर पुन्हा कधीतरी.

राहिला तो एजंट. कर्नाटकात चांगली नर्सिंग कॉलेजं नक्कीच आहेत, आणि तिथून शिकून आलेल्या उत्तम सिस्टर माझ्यासोबत होत्या. पण चांगल्या कॉलेजला जालन्यात घरोघर माणूस पाठवावा लागत नाही. त्याला चार गोष्टी लेखी मागा: कॉलेज राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे का आणि चालू वर्षाचं पत्र, कर्नाटक राज्य परिचर्या परिषदेची मान्यता, भारतीय परिचर्या परिषदेच्या यादीत नाव आहे का, आणि चार वर्षांची फी एकूण किती. शिकून परतल्यावर इथे काम करायचं तर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी करून घ्यावी लागते, तेव्हा हेच कागद उघडले जातात. ‘हजेरीचं बघून घेऊ, परीक्षेपुरतं यायचं’ असं तो म्हणाला असेल तर तिथेच बोलणं थांबवा. नियमाने थिअरीला 80 टक्के हजेरी आणि पदवी मिळण्याआधी प्रात्यक्षिकाची 100 टक्के पूर्तता लागते. ‘बघून घेतलेली’ हजेरी म्हणजे शिराही न शोधता येणारी नर्स. जागा ‘बुक’ करायला टोकन मागेल, ते देऊ नका. आणि दहावीची मूळ मार्कशीट ‘व्हेरिफिकेशनला’ मागत असेल तर तीही देऊ नका. एकदा हातातून गेली की सीईटीच्या कॅपला काय दाखवणार? हिशेब पटेपर्यंत ती त्यांच्या कपाटात राहते, आणि दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात आमच्या टेबलासमोर एखादा बाप रिकाम्या फाईलसह उभा असतो. आधी व्हॅलिडिटीच्या अर्जाचं बघा आणि पुरावा कुठल्या सालातला सापडला ते कळवा, त्यावरून पुढचं सांगते.